रिकामी खोकी न्यायला आलेल्या माणसाने आम्हाला कसं फसवलं

मे महिन्यात आम्ही नाशिकहून पुण्याला, सिंहगड रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामान लावून झालं की रिकामी खोकी परत नेऊ, असं पॅकर्सवाल्यांनी तोंडी कबूल केलं होतं. पैसे मिळाल्यावर ते फिरकलेच नाहीत. 38 खोकी, बबल रॅपची भेंडोळी आणि टीव्ही-फ्रिजचं थर्मोकोल जिन्याशेजारी पडून होतं. वाट अडते म्हणून सोसायटीचा निरोप आला, तो रास्तच होता.

त्याच संध्याकाळी गेटवर एक टेम्पोवाला भेटला. खाकी शर्ट, हातात वही. "महापालिकेच्या सुक्या कचऱ्याचं काम आपल्याकडेच असतं ताई. थर्मोकोलसकट सगळं नेतो, पंधराशे द्या." थर्मोकोल रद्दीवाला घेत नाही हे मला माहीत होतं, म्हणून रक्कम पटली. मी ओळखपत्र विचारलं नाही, पावती मागितली नाही. अर्ध्या तासात जिना मोकळा झाला.

आठव्या दिवशी महापालिकेचे आरोग्य निरीक्षक दारात उभे. त्यांच्या मोबाइलमध्ये फोटो होता: कालव्याच्या कडेला फेकलेलं आमचं थर्मोकोल, बबल रॅप आणि एक फाटकं खोकं. त्या खोक्यावर पॅकर्सचं लेबल तसंच होतं. माझं नाव, इमारत, फ्लॅट नंबर, मोबाइल, सगळं ठळक. दंड आम्हालाच भरावा लागला. टेम्पोवाल्याचा फोन बंद. पैसे ज्या नंबरवर पाठवले होते, तो निघाला तिसऱ्याच कुणाचा तरी. चौकीत तक्रार अर्ज दिलाय.

नंतर कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्या काकांना सांगितलं, तर ते हळहळले. "अहो, पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या जाड पुठ्ठ्याची, धड खोकी किलोवरसुद्धा घालायची नसतात, नगावर जातात. तुम्ही वर पैसे दिलेत?" म्हणजे जे विकता आलं असतं ते त्याने विकलं, आणि उरलेलं आमच्या नावाने फेकलं.

पैशांचं मी विसरेनही. ज्याने झोप उडाली ते वेगळंच. खोकी भरताना सासूबाईंनी प्रत्येकावर मार्करने आत काय आहे ते लिहिलं होतं, मोठ्या सुबक अक्षरात. 'देवघर – चांदीची भांडी', 'कपाट, लॉकरमधलं'. आणि बाजूलाच पत्त्याचं लेबल! खोकी रिकामी झाली तेव्हा हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. दिवसभर घरी त्या एकट्याच असतात.

कुणी घर बदलत असाल, तर लेबलं आधी सोलून फाडा आणि मार्करचं लिखाण काळं करा. खोकी परत नेण्याचं पॅकर्सकडून कोटेशनवरच लिहून घ्या. महापालिकेचं नाव सांगून पावतीशिवाय पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. आमच्या मजल्यावर रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, "पुठ्ठा मला दिला असता तर चार पैसे मलाही मिळाले असते." ते ऐकून फार वाईट वाटलं. बबल रॅप तर सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असतं, तरी घर बदलणाऱ्या कुणी नेलं असतं.

रविवारी मी आणि मुलगा पोती घेऊन कालव्यावर गेलो, आमचं सगळं उचलून आणलं. चांदीची भांडी लिहिलेलं खोकं तिथे नव्हतं. ते धड होतं, म्हणजे कुठेतरी विकलं गेलंय, आमच्या पत्त्यासकट. सोमवारी दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलं.