सोलापूरच्या उन्हात एसी व्हेंटचा मोबाइल होल्डर: तीन ऋतूंच्या वापरानंतरचा अनुभव

एप्रिलच्या सुरुवातीला घेतलेला एसी व्हेंटचा मोबाइल होल्डर आता उन्हाळा, पावसाळा आणि थंडी असे तिन्ही ऋतू पाहून झाला आहे. कामानिमित्त माझे बार्शी, पंढरपूर, मंगळवेढा, करमाळा असे जिल्हाभर फिरणे असते आणि गाडी दिवसाचा बराच वेळ उघड्यावर उभी असते. होल्डरविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुधा खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्यातले असतात, आणि पहिल्या आठवड्यात कोणताही होल्डर चांगलाच वाटतो. त्याची खरी परीक्षा मे महिन्यात, भर दुपारी, काचा बंद असलेल्या गाडीत होते. म्हणून होल्डर कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा तो गाडीत कोठे बसवला आहे आणि कशाच्या आधाराने टिकून आहे, हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचे आहे, असे माझे मत झाले आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढणे आपल्याला नवीन नाही. पण ते सावलीतल्या हवेचे तापमान असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत बोलका आहे. बाहेर ३८ अंशांहून अधिक तापमान असलेल्या दिवसांत तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये आतील हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग सरासरी ६९ अंशांवर गेल्याचे त्यात आढळले. म्हणजे चिकटपट्टी असो, रबर असो की प्लास्टिक असो, डॅशबोर्डवरच्या वस्तूला सत्तर अंशांच्या आसपासचा ताप रोज सोसावा लागतो. फोनची सहनशक्ती तर याहून खूप कमी असते. ॲपलने आयफोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश ही मर्यादा दिली आहे आणि फोन नुसता ठेवण्यासाठीही ४५ अंशांच्या पुढे जाऊ नये, असे सांगितले आहे. अँड्रॉइड फोनही तापले की पडद्याचा उजेड कमी करतात, चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. नेमका तिठा जवळ आला असताना नकाशा अंधुक होण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते.

माझी निवड समजावी म्हणून उरलेल्या दोन जागांविषयी आधी लिहितो. माझ्या थोरल्या भावाच्या गाडीत डॅशबोर्डवर चिकटवलेला होल्डर आहे आणि शेजाऱ्यांच्या गाडीत काचेला लावलेला सक्शन कपचा. या दोन्ही गाड्यांतून मी वरचेवर प्रवास करतो, त्यामुळे तिन्ही प्रकार एकाच उन्हाळ्यात जवळून पाहायला मिळाले.

सक्शन कप टिकून राहतो तो बाहेरील हवेच्या दाबामुळे. रबर आणि काच यांच्यामधली हवा बाहेर काढली की बाहेरचा दाब कप काचेवर रेटून धरतो. कडेने थोडी जरी हवा आत शिरली तरी पकड सुटते. उन्हात रबर मऊ पडते, आत उरलेली हवा तापून प्रसरण पावते, आणि आपल्याकडची बारीक धूळ कडेखाली बसली तर तिथूनच हवेला वाट मिळते. शेजाऱ्यांचा होल्डर उन्हाळ्यात सहसा गाडी उभी असतानाच गळून पडे. कपाच्या खाली चिकट जेल असेल तर ते साध्या पाण्याने धुऊन, कापडाने न पुसता हवेवर वाळू दिल्यास पकड बरीच परत येते. पण हा उद्योग मे महिन्यात पुन्हापुन्हा करावा लागतो. काचेवर लावण्याबद्दल माझी मोठी हरकत मात्र दृश्याविषयी आहे. चालक उजवीकडे बसत असल्याने अनेक जण होल्डर काचेच्या उजव्या कोपऱ्यात, खांबाला लागून लावतात. खांबाच्या आड आधीच काही भाग झाकलेला असतो. त्याला फोनची रुंदी जोडली की सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या चौकात उजवीकडून रस्ता ओलांडणारा माणूस त्या आडोशामागे पूर्ण लपू शकतो. काचेवरच लावायचा असेल तर तो स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, काचेच्या अगदी तळाशी, बॉनेटच्या रेषेच्या वर फोन येणार नाही असा लावावा.

डॅशबोर्डवर चिकटवण्याचा प्रकार योग्य रीतीने केला तर चांगला टिकतो, हे भावाच्या गाडीवरून मी खात्रीने सांगू शकतो. त्यासाठी लागणारी फोमची दुहेरी चिकटपट्टी, जिला दुकानदार सरसकट ‘थ्री एमची टेप’ म्हणतात, ती दाबाने आणि वेळेने पकड घेते. थ्री एमच्या व्हीएचबी टेपविषयी कंपनीची माहिती अशी आहे की, सामान्य तापमानात साधारण २० मिनिटांत निम्मी, २४ तासांत नव्वद टक्के आणि ७२ तासांत पूर्ण पकड येते. म्हणून चिकटवल्यावर लगेच फोन अडकवून निघू नये. तीन दिवस होल्डर रिकामा ठेवावा. दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. गाडी धुणारी मुले डॅशबोर्डला चकाकीसाठी जे पॉलिश लावतात त्यात बहुधा सिलिकॉन असते, आणि सिलिकॉनवर कोणतीही टेप धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन ती जागा दोनदा पुसावी, कोरडी होऊ द्यावी आणि मगच टेप दाबावी. डॅशबोर्डचे प्लास्टिक खडबडीत दाणेदार असेल तर टेपचा संपर्क मुळातच कमी राहतो. तेथे हा प्रकार टाळलेला बरा. शिवाय काढताना डाग राहतो. गाडी पुढे विकायची असेल तर याचा विचार आधी व्हावा.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. भारतात नव्या मोटारींना पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या आहेत, आणि डावीकडच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आतून, झाकण फाडून बाहेर येते. ती सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. त्या झाकणावर किंवा तिच्या वाटेत चिकटवलेला होल्डर त्या क्षणी थेट समोरच्या माणसाच्या तोंडावर भिरकावला जाईल. डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅग ही अक्षरे कोठे आहेत ते पाहून त्या संपूर्ण भागापासून होल्डर दूर ठेवावा. दुकानात होल्डर बसवून देणारी मुले याकडे लक्ष देतातच असे नाही, म्हणून आपणच सांगावे लागते.

आता माझ्या होल्डरविषयी. नवी पेठेतल्या दुकानात पाचशे रुपयांच्या आत मिळालेला हा होल्डर आहे. त्याच्या मागे धातूचा आकडा असून फिरकी फिरवली की तो व्हेंटची पट्टी आवळून धरतो. खाली एक लहान पाय आहे, जो व्हेंटच्या चौकटीवर टेकतो आणि फोनचे वजन पट्टीवरून चौकटीवर उतरवतो. व्हेंटचा होल्डर घेणाऱ्याने हा पाय आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. आजचे फोन कव्हरसह सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम भरतात. एवढे वजन एका पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर लटकवले आणि रस्त्याचे हादरे बसत राहिले तर पट्टी आज ना उद्या मोडते. नुसत्या चिमट्याचे स्वस्त होल्डर याच कारणाने घेऊ नयेत. व्हेंटची जाळी बदलण्याचा खर्च होल्डरच्या किमतीहून अधिक येतो.

बसवण्याचे काम सकाळी, गाडी थंड असताना करावे. तापलेले प्लास्टिक वाकते आणि आवळण गरजेपेक्षा जास्त बसते. टॉर्च मारून व्हेंटच्या आत पाहिले तर दिसेल की आडव्या पट्ट्यांच्या मागे उभ्या पट्ट्या असतात आणि त्या एका बारीक दांडीने जोडलेल्या असतात. आकडा त्या दांडीत किंवा उभ्या पट्टीत अडकला तर हवा डावी-उजवीकडे वळवण्याची कळ घट्ट होते आणि जोर लावल्यास तुटते. मी आकडा मधल्या आडव्या पट्टीवर बसवला आणि पट्टी व आकडा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पातळ पट्टी कापून घातली. फिरकी बोटाच्या ताकदीने फिरेल तेवढीच फिरवली आणि मग कळ दोन्ही बाजूंना हलवून पाहिली. ट्यूबच्या त्या तुकड्यामुळे पट्टीवर ओरखडा आला नाही आणि खडबडीत रस्त्यावर होणारी किरकिरही थांबली. ही छोटीशी गोष्ट मी प्रत्येकाला सुचवतो.

व्हेंटच्या जागेचा खरा लाभ उन्हाळ्यात कळला. गाडी उन्हातून काढली की मी आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ देतो, मग एसी लावतो आणि आत गारवा आल्यावरच फोन होल्डरमध्ये ठेवतो. त्यानंतर थंड हवा फोनच्या पाठीवरून वाहत राहते. मोहोळ-टेंभुर्णीमार्गे पुण्याकडे जाताना भर दुपारी नकाशा आणि चार्जिंग दोन्ही चालू असूनही मे महिन्यात फोन एकदाही तापून बंद पडला नाही. त्याच प्रवासात भावाचा डॅशबोर्डवरचा फोन इंदापूरच्या अलीकडेच उजेड कमी करू लागे, कारण काचेतून येणारे ऊन थेट त्याच्यावर पडत होते. पावसाळ्यात मात्र याची उलट बाजू दिसते: थंड झालेला फोन दमट हवेत बाहेर काढला की कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरते. ती काही मिनिटांत जाते, पण ते पाहून मी पावसाच्या दिवसांत मधली जाळी थोडी खाली वळवून ठेवू लागलो.

पकडीचे दोन मुख्य प्रकार आहेत, स्प्रिंगच्या हातांची आणि चुंबकाची. मी स्प्रिंगची घेतली. चुंबकाच्या होल्डरमध्ये फोन एका हाताने पटकन लागतो हे खरे. पण साध्या फोनसाठी कव्हरमागे लोखंडी चकती ठेवावी लागते, आणि ती असली की बिनतारी चार्जिंग होत नाही. चुंबकाजवळ फोनच्या होकायंत्रातही गडबड होते, त्यामुळे गाडी उभी असताना नकाशातला बाण भलतीकडे तोंड करतो. अनोळखी चौकात हे त्रासाचे ठरते. आयफोनमध्ये २०२० पासून मॅगसेफ ही फोनच्या आतच बसवलेल्या चुंबकाची सोय आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या क्यूआय-२ या बिनतारी चार्जिंगच्या मानकातही ती आहे, त्यामुळे अशा फोनांना चकती लागत नाही. तरीही बिनतारी चार्जिंगमध्ये उष्णता जास्त निर्माण होते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिची भर नको. तारेने चार्जिंग करावे. तार गिअरच्या दांड्यात अडकणार नाही एवढीच लांब असावी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातात फोन धरून वापरणे हा कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालनाचा भाग ठरतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांनुसार फोनचा वापर केवळ मार्ग शोधण्यासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. होल्डर असला म्हणून संदेश वाचण्याची मुभा मिळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना दोन सेकंद नजर पडद्यावर राहिली तर गाडी तेवढ्यात ४४ मीटर पुढे गेलेली असते. गाळपाच्या हंगामात रात्री महामार्गावर पुढे उसाच्या ट्रॉल्या असतात, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या, आणि त्या ४४ मीटरांत ट्रॉली असू शकते. म्हणून ठिकाण टाकणे, आवाज वाढवणे ही कामे मी गाडी सुरू करण्याआधीच करतो, रात्री पडदा काळ्या पार्श्वभूमीवर ठेवतो आणि शक्य तितके ऐकूनच वळणे घेतो.

दुचाकीसाठी हा अनुभव जसाच्या तसा लागू होत नाही. तेथे उष्णतेपेक्षा कंपन जास्त घातक असते. ॲपलने २०२१ साली सूचना दिली की मोटारसायकलच्या जोरकस इंजिनाची कंपने हँडलवरील होल्डरमधून फोनपर्यंत पोहोचली तर कॅमेऱ्यातील, चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. पुतण्याच्या गाडीसाठी म्हणून आम्ही रबरी कंपनशामक असलेला होल्डर घेतला आणि तोही केवळ अनोळखी रस्त्यांसाठी वापरावा असे ठरवले.

इतक्या महिन्यांनंतर माझ्या होल्डरमध्ये दोन उणिवा दिसतात. स्प्रिंगच्या हातांवरचे रबर उन्हाने कडक होऊन गुळगुळीत झाले आहे, त्यामुळे गतिरोधकावरून जाताना फोन किंचित खाली सरकतो. ते रबर सुटे मिळत नाही, म्हणून मी तेथेही ट्यूबची पट्टी चिकटवली आहे. दुसरी उणीव जागेची. मधल्या उजव्या व्हेंटवर फोन लावला की माझ्या गाडीत इशारा दिव्यांचे बटण फोनच्या खालच्या कडेआड अर्धे झाकले जाते. फोन आडवा न ठेवता उभा ठेवल्याने आणि होल्डर एक पट्टी वर चढवल्याने ते आता मोकळे झाले आहे. परंतु ज्यांच्या गाडीत ही सोय नसेल त्यांनी खरेदीपूर्वी, फोन हातात धरून त्या जागी ठेवून पाहावा. गोल व्हेंट असलेल्या गाड्यांत आकड्याचा होल्डर नीट बसत नाही. तेथे डॅशबोर्डचा प्रकार, वर लिहिलेली काळजी घेऊन, आणि शक्यतो हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी ऊन वर आल्यावर, डॅशबोर्ड कोमट असताना बसवावा.