शेअर्स विकलेत आणि इन्कम टॅक्स रिटर्न भरायचंय? सांगलीच्या विश्रामबागेतल्या सीए ऑफिसचा माझा अनुभव (४ स्टार)

२०२५ चं गणपती विसर्जन झालं आणि मग मला जाग आली की त्या वर्षी रिटर्नची तारीख १५ सप्टेंबर आहे. दरवर्षी मी घरीच भरतो, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, फॉर्म १६ आला की अर्ध्या तासात काम खल्लास. पण २०२४-२५ मध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी शेअर्स विकले होते आणि सगळा घोळ तिथंच झाला. मित्राने विश्रामबागेतलं हे ऑफिस सुचवलं. मिरज रोडला आत वळलं की पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद आहे आणि गाडी लावायला जागा नाही, चौकातच लावून चालत या.

आत गेलो तर सात-आठ जण आधीच बसलेले. दीड तास बसलो. चहा विचारला पण आला नाही, असो. माझं काम बघितलं ते सीए सरांनी नाही, त्यांच्याकडं असलेल्या मॅडमनी, वय फार तर पंचवीस, पण शेअर्सच्या बाबतीत पोरगी एकदम पक्की आहे. मी घरून एक्सेल करून नेलं होतं, मोठ्या अभिमानाने. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, ब्रोकरेज दोनदा वजा केलंय की ओ तुम्ही."

झालं असं की मी ऑगस्टमध्ये २०० शेअर ४१२ ने घेतले आणि जानेवारीत ६५५ ने विकले. माझा ब्रोकर जुन्या पद्धतीचा, अर्धा टक्का घेतो दोन्हीकडं. कॉन्ट्रॅक्ट नोटवर (ब्रोकरकडून येणारं सौद्याचं बिल) तीन कॉलम असतात, ग्रॉस रेट, एका शेअरमागे ब्रोकरेज आणि नेट रेट. मी एक्सेलमध्ये नेट रेट उचलला, म्हणजे खरेदी ४१४.०६, आणि पुढे खर्चाच्या कॉलममध्ये परत ब्रोकरेज टाकलं. त्यांचं म्हणणं, एकतर ग्रॉस रेट घ्या आणि ब्रोकरेज खर्चात दाखवा, नाहीतर नेट घ्या आणि गप्प बसा, दोन्हीकडून घेता येत नाही. वर मी एसटीटीचे (शेअरच्या सौद्यावर लागणारा सरकारी कर) २१३ रुपयेपण वजा केलेले, ते त्यांनी सरळ खोडले, कॅपिटल गेनमध्ये, म्हणजे शेअर विकून झालेल्या नफ्यात, एसटीटी खर्च म्हणून चालतच नाही. ब्रोकरेज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मात्र चालतो.

आता हिशोब बघा. नफा ४८,६०० रुपये, ब्रोकरेज १,०६७, त्यावर जीएसटी १९२, म्हणजे खर्च १,२५९. शॉर्ट टर्मला (वर्षाच्या आत विकलेल्याला) २० टक्के, तर वाचले किती, अडीचशे रुपये. त्यात किलोभर भडंगपण येतंय की नाही कोण जाणे. मी हसलो तर मॅडम म्हणाल्या, "पैशाचं सोडा ओ, आकडा बरोबर पाहिजे." बरोबरच आहे म्हणा.

अजून एक गंमत, मी जूनमध्येपण थोडे शॉर्ट टर्मचे विकले होते. २३ जुलै २०२४ च्या आधी विकलेल्याला १५ टक्के आणि त्या दिवसापासून पुढं २०. मी सगळं एकाच रेटने धरलं होतं. फॉर्मात ते वेगवेगळं दाखवायला लागतं.

पण ज्याच्यासाठी मी हे ऑफिस सुचवेन ते म्हणजे बाबांचे शेअर. बाबांनी २००९ मध्ये एका कंपनीचे ३०० शेअर १८० ने घेतलेले. बाबा २०१५ मध्ये गेले, पुढच्या वर्षी ते माझ्या डीमॅटला आले, आणि मी जानेवारी २०२५ मध्ये ९१० ने विकले. ब्रोकरच्या रिपोर्टला खरेदी किंमत शून्य दाखवत होती, एआयएसमध्येपण (आयकर खात्याकडचा आपल्या व्यवहारांचा तक्ता) शून्य, कारण मी ते विकत घेतलेच नव्हते. मी एआयएस म्हणजे सरकारचा आकडा म्हणून तसाच घेऊन बसलो होतो. म्हणजे २,७३,००० चा सगळा नफाच, जुने शेअर म्हणून लाँग टर्म, त्याला सव्वा लाख माफ, उरलेल्या १,४८,००० वर साडेबारा टक्के, १८,५०० रुपये आणि वर सेस!

मॅडमनी सांगितलं की वारशाने आलेल्या शेअरला बाबांची तारीख आणि बाबांची किंमत लागू होते. आणि ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची खरेदी असली तर त्या दिवसाचा बाजारातला वरचा भाव बघायचा. तो निघाला ६४०. विक्रीच्या भावापेक्षा कमी आहे, बाबांच्या खरेदीपेक्षा जास्त आहे, मग खरेदी किंमत ६४० धरायची. नफा राहिला ८१,०००, सव्वा लाखाच्या आत, टॅक्स शून्य. असे जुने शेअर प्रत्येक कंपनीचं नाव आणि आयएसआयएन नंबर (शेअरचा ओळख नंबर) टाकून वेगळे भरायला लागतात, ते काम त्यांनी माझ्यासमोर बसून केलं. बाबांची जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट आईने देवघराच्या कपाटात बँकेच्या पासबुकात ठेवली होती, पिवळी पडलेली, तिचीपण झेरॉक्स काढून घेतली त्यांनी.

आता एक स्टार का कापला ते.

एका मित्राच्या नादाने मी चार वेळा इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं) केलेलं, सगळं मिळून १,१४० रुपये लॉस. मला वाटलं एवढ्याशाला काय. तर इंट्राडे म्हणजे सट्ट्याचा धंदा, त्यामुळं रिटर्नचा फॉर्म आयटीआर-२ नाही, आयटीआर-३. (इथं मात्र एसटीटी खर्चात धरतात, मॅडमना दोनदा विचारून खात्री केली.) फोनवर १,५०० सांगितलेले ते ३,००० झाले. वाढले त्याचं काही नाही, काम वाढलं, पण ते मला बिल हातात आल्यावर कळलं, आधी सांगा की.

आणि दुसरं जास्त खटकलं. माझं घराचं कर्ज आहे, मला जुनी टॅक्स पद्धत परवडते. धंद्याचं उत्पन्न दाखवलं की जुन्या पद्धतीत राहायला तारखेच्या आत फॉर्म १०-आयईए भरायला लागतो. हे त्यांच्या लक्षात कधी आलं, तर १४ तारखेला रविवारी संध्याकाळी, रिटर्न सबमिट करायच्या वेळी. सर केबिनमधून बाहेर आले, मॅडमवर जरा आवाज चढवला, आणि मग तो फॉर्म भरून झाला. झालं सगळं वेळेत, पण माझा जीव टांगणीला लागला होता त्याचं काय. आणि मॅडमवर ओरडण्यासारखं काही नव्हतं, फायनल चेक सरांचं काम आहे.

ज्यांचा फक्त लाँग टर्मचा नफा आहे, तोपण सव्वा लाखाच्या आत, आणि मागचा कुठला लॉस ओढायचा नाही, त्यांनी इथं यायची गरज नाही, आता ते आयटीआर-१ मध्येच बसतं, घरी भरा. वारशाचे शेअर, जुने शेअर, दोन-तीन ब्रोकर असा गोतावळा असेल तर या, पण शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी या. येताना वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा पेन ड्राइव्हवर आणा, पीडीएफचा पासवर्ड बहुतेक वेळा आपलाच पॅन असतो, कॅपिटल अक्षरांत. माझ्यापुढच्या काकांना तो लागेना, त्यात पाऊण तास गेला आणि त्यांच्यामागे मी.