फोटोग्राफी टूरच्या नावाखाली साधी सहल

आगाऊ रक्कम घेऊन पसार होणाऱ्यांपासून लोक सावध असतात. दुर्गम डोंगरांत खरे गंडवतात ते खरोखर घेऊन जाणारे. गाडी येते, तंबू मिळतो, तलावही दिसतो. फोटो तेवढा मिळत नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर: ‘निसर्ग आहे, आपल्या हातात थोडंच असतं?’

ढगांपुरतं हे खरं. सूर्य-चंद्र मात्र वेळ पाळतात.

म्हणून जाहिरातीतला फोटो आणि कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवून बघा. फोटोत तलावापलीकडचं शिखर केशरी झालंय, पाण्यात प्रतिबिंब स्थिर. पत्रिकेत तलावावर पोहोचायची वेळ संध्याकाळी पाच, मुक्काम तलावापासून दोन तासांच्या अंतरावर खाली, सकाळी आठला नाश्ता. नकाशात शिखर तलावाच्या पश्चिमेला आहे. म्हणजे तो उजेड सूर्योदयाचा. संध्याकाळी सूर्य शिखरामागे उतरणार आणि हाती लागणार नुसता काळा आकार. नकाशात शिखराची बाजूच जुळत नसेल, तर कुणाचा तरी फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून चिकटवलेला असू शकतो. चोरीचे फोटो उलटवतात ते इमेज सर्चमध्ये सापडू नयेत म्हणून, तेव्हा स्वतः पुन्हा उलटवून शोधा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, दाखवायला सांगा. ‘हार्ड डिस्क उडाली’ ऐकू आलं की विषय संपला.

आकाशगंगेचंही तसंच. धनुर्मासात सूर्य स्वतःच धनू राशीत असतो, म्हणजे आकाशगंगेचा झळाळता गाभा त्याच्या उजेडात बुडालेला. डिसेंबरअखेरच्या सहलीवर तो गाभा छापणारा एकतर अडाणी किंवा लबाड. चंद्राच्या उजेडात आकाशगंगा पुसट होते, तरी पौर्णिमेच्या आसपासच्या तारखाही अशाच खपवल्या जातात.

सगळ्यात घातक काटछाट दिवसांची. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. गाडीभाडं वाचवायला हाच दिवस उडवतात. मग ऐन पहाटे अर्धा गट डोकं धरून तंबूत. आणि कुणाला धाप लागली, तोल जायला लागला, तर फोटो सोडून तातडीने खाली उतरवावं लागतं.

‘मार्गदर्शक’ स्वतःचाच ट्रायपॉड मोक्याच्या जागी रोवतो, ही त्यामानाने किरकोळ बाब.

पैसे भरण्याआधी लेखी घ्या: प्रत्येक जागी पोहोचायची आणि निघायची वेळ, प्रत्येक मुक्कामाची उंची, गटातली माणसं, आणि पहाटे चारला गाडी निघेल हे ड्रायव्हरला कोण सांगणार. शेवटचा प्रश्न फोनवरच विचारा आणि पलीकडे किती वेळ शांतता पसरते ते ऐका.