टेलिमानस १४४१६ : गावातून वापरताना
१० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन फुकट, चोवीस तास आणि मराठीतही. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसतो तिथे फार मोठा आधार. नंबर लावून भाषा निवडली की समुपदेशक बोलतो. गरज पडल्यास पुढे तज्ज्ञाकडे जोडतात. घरातलं बोलणं भिंतीपलीकडे जातं, म्हणून रेंज मिळेल त्या शेताच्या धुऱ्यावर जा.

"लय टेन्शन आहे" एवढंच सांगितलं तर सल्लाही मोघम मिळतो. नेमकं सांगा: कापूस विकला की भाऊजी उसने मागतात, नाही म्हटलं की आठ दिवस अबोला. मग समुपदेशकासोबत भाऊजींना सांगायचं वाक्य ठरवता येतं: "भाऊजी, हे पैसे बियाण्याचे. यंदा जमत नाही." कारणं वाढवली की घासाघीस सुरू होते, तेवढंच पुन्हा म्हणा. मारहाण असेल तर मात्र आधी ११२ ही तातडीची मदत, बाईमाणसाला १८१ ही महिला हेल्पलाइन.