एकच चादर, तीन बाजार: काही महिने विकल्यानंतर

निकाल आधीच सांगते. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशो या तिन्ही ठिकाणी एकच माल लावणं परवडतं, पण रोज संध्याकाळी घरातलं कोणीतरी साठ्याच्या हिशेबाला बसणार असेल तरच. पाचपैकी साडेतीन गुण.

आमचा माल सोलापुरी चादरी आणि टॉवेल. दुकान सासऱ्यांचं, जुनं. ऑनलाइनची बाजू गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहे. सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, की एकीकडे लावलेला माल दुसरीकडे विकलेला चालतो का? चालतो. डिसेंबर २०१८ च्या केंद्राच्या प्रेस नोट २ नुसार परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजाराला ‘फक्त आमच्याकडेच विका’ अशी सक्ती विक्रेत्यावर करता येत नाही. हे १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. जाच दुसऱ्याच ठिकाणी आहे. तुम्ही दाखवलेला साठा सगळा आपल्याच गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलाय, असं प्रत्येक बाजार धरून चालतो.

म्हणजे कपाटात निळ्या चादरी दहा आणि तिन्हीकडे आकडा दहा, तर बाजाराच्या लेखी तीस चादरी झाल्या. शेवटची चादर दोघांनी एकाच वेळी घेतली की एक ऑर्डर रद्द करावी लागते. अ‍ॅमेझॉनवर विक्रेत्याने स्वतः रद्द केलेल्या ऑर्डरींचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या खाली लागतं, आणि ते सात दिवसांवर मोजतात. आठवड्याला चाळीस ऑर्डरी असतील तर एकच रद्द झाली तरी काटा अडीचवर. वीस असतील तर थेट पाच टक्के. मोठ्या विक्रेत्याला ही सूट भरपूर आहे, आमच्यासारख्याला नाही.

त्यासाठी साठा जुळवणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. नाव देत नाही, कारण इतर दिवशी ते चोख चालतं. एकीकडे विकलं की बाकी दोन्हीकडचा आकडा काही मिनिटांत उतरतो. पण सेलच्या दिवसांत हीच मिनिटं लांबतात, आणि दोन मोठे सेल एकाच वेळी येतात. २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनचा ग्रेट इंडियन फेस्टिव्हल आणि फ्लिपकार्टचा बिग बिलियन डेज दोन्ही २३ सप्टेंबरला सुरू झाले. त्यामुळे आमची पद्धत अशी: प्रत्येक रंगाचे शेवटचे तीन नग ऑनलाइन दाखवायचेच नाहीत. ते दुकानात विकायचे. सेलमध्ये तर प्रत्येक रंग एकाच बाजाराला देऊन टाकायचा. सासरे म्हणाले, ‘माल असताना नाही म्हणायचं, हा कुठला धंदा?’ पण रद्द ऑर्डरींची भानगड त्यानंतर जवळजवळ मिटली.

किंमतीचा विषय जास्त गुंतागुंतीचा आहे. एमआरपी तिन्हीकडे एकच हवी. एकाच पॅकबंद वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला २०१८ पासून वजन-मापाच्या नियमांनी बंदी आहे. विक्रीची किंमत एमआरपीच्या खाली हवी तितकी ठेवा, कायदा काही म्हणत नाही. बाजार मात्र म्हणतो. अ‍ॅमेझॉनच्या किंमत-धोरणात लिहिलंय, की तुमची किंमत बाहेरच्या अलीकडच्या किंमतींपेक्षा बरीच जास्त दिसली तर खरेदीच्या मुख्य बटणावरून तुमची ऑफर काढली जाऊ शकते. मीशोवर गिऱ्हाईक पहिल्यांदा भावच बघतं, तिथे किंमत कमी ठेवावीच लागते. मग ती कमी किंमत दुसरीकडे अंगावर येते.

यावर आम्हाला सापडलेला मार्ग जोडीचा. मीशोवर सुटी चादर, अ‍ॅमेझॉनवर दोनची जोडी, फ्लिपकार्टवर चादर आणि टॉवेलचा संच. जोडीला वेगळी एमआरपी, नगसंख्या लिहिलेलं वेगळं लेबल, वेगळा बारकोड. कागदोपत्री ती वेगळी वस्तू होते, त्यामुळे किंमतीची तुलना समोरासमोर होत नाही. यात फसवणूक काही नाही. जोडीला कुरिअरचा खर्च दर नगामागे खरोखरच कमी पडतो.

कुरिअरवरून आठवलं. चादर काट्यावर सव्वा किलोची, पण भाडं लागतं काट्याचं आणि आकाराचं यांत जे वजन जास्त त्यावर. आकाराचं वजन म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. ४० बाय ३० बाय ८ चं पार्सल १.९२ किलोचं धरलं जातं. तीच चादर दाबून, घट्ट घडी घालून ३५ बाय २८ बाय ६ मध्ये बसवली की १.१८, मग काट्यावरचं वजनच लागू होतं. पॅकिंग करणाऱ्या मुलाला हे दाखवल्यावर त्याने स्वतःच फळीखाली दाबून घडी घालायला सुरुवात केली. तरीही एका बाजाराने काही पार्सलं दोन किलोच्या वरची दाखवून जादा भाडं कापलं, आणि फोटो पाठवूनही त्यातलं थोडंच परत मिळालं. माझे गुण मुख्यतः इथे कापले गेले.

आणखी एक, नावाचं. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन आहे, आणि पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो हे इथल्या कोणत्याही कारखानदाराला विचारा. ऑनलाइन ते अजून सोपं जातं, कारण आपल्याच लिस्टिंगवर, म्हणजे वस्तूच्या पानावर, दुसरा विक्रेता येऊन उभा राहू शकतो. त्याचा माल हलका निघाला तरी वाईट शेरे आपल्या पानावर. तेव्हा आधी ट्रेडमार्कचा अर्ज करा. कापडासाठी वर्ग २४, ऑनलाइन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योग म्हणून ४,५०० रुपये फी. एकापेक्षा जास्त बाजारांत जाण्याआधी करायचं काम हेच.

परत आलेल्या मालाचं थोडक्यात. प्रत्येक परतीचं पार्सल फोडताना व्हिडिओ काढायचा, लेबलापासून सलग. नव्या चादरीऐवजी घरातली जुनी चादर परत आलेली आहे. भरपाईचा दावा अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी, फ्लिपकार्टवर एसपीएफ या विक्रेत्यांसाठीच्या सोयीत टाकायचा, आणि मुदत प्रत्येकाची वेगळी.

कराचा भाग वाटतो तितका कठीण नाही, फक्त तो तिप्पट होतो. प्रत्येक बाजार आपल्या विक्रीच्या रकमेतून जीएसटीचा ०.५ टक्का टीसीएस कापून सरकारकडे भरतो (१० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता), आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस. टीसीएसची रक्कम जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारल्याशिवाय आपल्या कॅश लेजरला (तिथल्या रोख खात्यात) दिसत नाही. तीन बाजार म्हणजे तीन ओळी तपासायच्या. २२ सप्टेंबर २०२५ ला हजारावरच्या चादरींचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला (नगाला २,५०० पर्यंत), तेव्हा दर तिन्हीकडे वेगवेगळा बदलावा लागला. तोही सेलच्या आदल्या दिवशी! सॉफ्टवेअर त्यात काही मदत करत नाही.

बचत गटातल्या बायका विचारतात, जीएसटी नंबर नसला तर? १ ऑक्टोबर २०२३ पासून, मालाची वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर पॅनवर नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन विकता येतं. मात्र फक्त राज्याच्या आत. म्हणजे सोलापुराहून नागपूरला पार्सल जाईल, पण शेजारच्या, कर्नाटकातल्या विजयापूरची ऑर्डर घेता येणार नाही.