‘सीझन करून दिलेला’ ह्युमिडॉर : माझे ४१ सिगार वाया गेले

लिहायची लाज वाटते. सात वर्षं ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारांचा ओलावा टिकवणाऱ्या पेटीत, सिगार घरी साठवतोय, मी नवखा नाही. तरी फसलो.

विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं होतं : आतून अस्सल स्पॅनिश सिडरचं लाकूड, पेटी सीझन केलेली (म्हणजे लाकडाला आधीच हवा तेवढा ओलावा दिलेला), आर्द्रता देणाऱ्या जेलमध्ये पाणी भरायची कटकट नाही. साध्या ह्युमिडॉरच्या तिप्पट पैसे मोजले आणि ४८ सिगार लावले.

खोकं उघडलं तेव्हाच कळायला हवं होतं. पेटी रिकामी, जेल अजून पाकिटात बंद, आणि आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा बरोबर ७० वर! आर्द्रता देणारं काहीच नाही, मग ७० टक्के आले कुठून? झाकण उघडं ठेवलं तरी काटा तसूभर हलला नाही. सिडरऐवजी गोंदाचा वास येत होता. ‘नवीन आहे, जाईल वास,’ अशी मीच माझी समजूत घातली. दिवसभर काम करून दमलेला माणूस दर वस्तूची झडती घेत बसत नाही हो!

सहा आठवड्यांनी २९ सिगारांवर पांढरी लव. फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘ही बुरशी नाही, सिगार मुरल्याची खूण आहे.’ त्या शब्दावर मी आणखी ११ दिवस थांबलो. हे अकरा दिवस मला अजून डाचतात. पांढरं दिसलं की बुरशीच समजा आणि तो सिगार त्याच क्षणी वेगळा काढा.

मग मिठाची चाचणी केली, जी पहिल्याच दिवशी करायची असते. बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूइतपत पाणी, हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत २४ तास. काटा ७५ दाखवायला हवा. माझा ७० वरच. दुसऱ्या डिजिटल हायग्रोमीटरने ७५ दाखवले. तोच पेटीत ठेवला तर ८१!

तक्रार कक्षात पहिला प्रश्न, ‘तंबाखूची तक्रार?’ अहो, तक्रार पेटीची आहे! मग तज्ज्ञाचा दाखला मागितला. तज्ज्ञ कोण, ते सांगायला कुणी तयार नाही. बुरशी आलेला माल पुरावा म्हणून जपा म्हणाले. दोन महिने जपला, कुणी पाहायलाही आलं नाही. शेवटी ‘वापरातील चूक’ असा शेरा मारून फाइल बंद. पोलिसांनी दिवाणी मामला म्हणून हात झटकले. विक्रेता फोन उचलत नाही.

पेटीला ओलावा द्यायला नळाचं पाणी कधीच वापरू नका, डिस्टिल्डच घ्या. काट्याच्या हायग्रोमीटरवर विसंबू नका. २४ अंशांच्या वर तापमान गेलं की तंबाखूच्या किड्याची भीती, तेही बघा.

उरलेले सात सिगार हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, आर्द्रता ६५ टक्क्यांवर राखणाऱ्या पाकिटासोबत ठेवलेत.