चार माणसांचा डोम तंबू, तीन स्काऊटांचा संसार

ऑनलाइन दोन ते चार हजारांत मिळणारा, पिशवीवर 'चार माणसांसाठी' असं छापलेला डोम तंबू शाळेच्या स्काऊट पथकासाठी घ्यावा का? दिवाळीनंतर शिबिरांचे दिवस आले की स्काऊट मास्टरांच्या बोलण्यात हा विषय निघतोच. आमचं मत असं: घ्यावा, पण चार मुलांसाठी नव्हे, पावसाळ्यासाठी नव्हे, आणि सोबत आलेल्या खुंट्यांच्या भरवशावर तर अजिबात नव्हे. हे तंबू वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, तरी आतला माल जवळपास एकच असतो. फायबरग्लासचे दोन पोल, पॉलिएस्टरचा आतला तंबू, त्यावर पाणी अडवणारं बाहेरचं कापड म्हणजे फ्लाय, आणि तळाला ताडपत्रीच्या जातीचं पॉलिथिन. त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या जातीच्या तंबूचं आहे.

आधी मापं. तळ बहुतेक वेळा 210 सेंटीमीटर चौरस असतो. चौघांत वाटला तर माणशी 52 सेंटीमीटर येतात, म्हणजे शाळेच्या बाकावर बसल्यासारखं झोपायचं. तिघांत वाटला तर 70 येतात आणि पायथ्याशी सॅक मावतात. आठ जणांच्या संघाला म्हणून तीन तंबू लागतात: तीन, तीन आणि दोन. चार संघांचं 32 मुलांचं पूर्ण पथक असेल तर 12. 'एकूण 32, भागिले तीन, अकरात भागेल' असा हिशोब करू नका. एक तंबू वाचतो, पण त्यात दोन संघांची मुलं एकत्र येतात आणि सकाळच्या तपासणीला तंबूचा केर कोणी काढायचा यावर भांडण ठरलेलं. मोठ्यांचे दोन तंबू वेगळे. मुलांच्या तंबूत मोठ्या माणसाने झोपायचं नाही, एकट्यानं तर नाहीच, आणि शिबिरात किमान दोन मोठी माणसं हवीतच. तंबू घोड्याच्या नालासारखे मांडून दारं आत वळवली आणि मोठ्यांचे तंबू नालाच्या तोंडाशी ठेवले, की रात्री बॅटरी न फिरवताही कोण बाहेर पडलं ते दिसतं.

घेताना एकच गोष्ट नीट पाहायची असेल तर फ्लाय पाहा. स्वस्तातल्या निम्म्या तंबूंवर फ्लाय म्हणजे नुसती टोपी असते. माथ्यावरची जाळी झाकते आणि बाजूच्या भिंती उघड्याच राहतात. डिसेंबरच्या कोरड्या रात्री ती चालते, पण वाऱ्यासोबत एक सर आली की भिंतीची शिवण पाझरते. फ्लाय जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली येणारा हवा. '2000 मिलिमीटर वॉटरप्रूफ' हा आकडा म्हणजे कापड किती उंच पाण्याचा स्तंभ पेलतं त्याचं माप. 1500 असला तरी आपल्या कामाला पुरतो, कारण पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकांतून येतं. फ्लाय उलटा करून उजेडासमोर धरा. शिवणीवर पारदर्शक टेप सलग चिकटवलेली दिसली पाहिजे. ती नसेल तर शिवणीचं सीलर आणून आतून दोन हात द्यावे लागतील. माल आल्यावर एक तंबू शाळेच्या मैदानात उभा करून नळाच्या पाइपने पंधरा मिनिटं पाणी मारा. परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत हे उरकलेलं बरं.

उभारणी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना जमते, आणि या तंबूची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. तिघांना दोन सराव दिले की दहा-बारा मिनिटांत तंबू उभा. मात्र पोलची शिस्त पहिल्या दिवशीच लावावी लागते. पोलचे तुकडे आतल्या इलॅस्टिकने जोडलेले असतात. मुलं ते हवेत झटकून 'टक-टक-टक' असे आपोआप जुळू देतात. दिसायला मजेशीर, पण अर्धवट बसलेला एखादा सांधा तसाच राहतो. पोल वाकवला की सगळा ताण त्या सांध्याच्या ओठावर येतो आणि फायबरग्लास उसासारखं उभं चिरतं. प्रत्येक सांधा हाताने शेवटपर्यंत बसवायचा आणि त्यावरून बोट फिरवून पाहायचं. खाच लागली तर सांधा बसलेला नाही. पोल कापडाच्या नळीतून नेहमी ढकलायचा, ओढायचा नाही. ओढला की आतल्या आत सांधे सुटतात. काढतानाही तेच. दोन्ही पोल आरपार गेल्यावर दोन मुलांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभं राहून एकदम कमान करायची. एकटा मुलगा पोल गुडघ्यावर टेकवून वाकवायला गेला, की तुटलाच समजा.

तुटलेला पोल उघड्या हाताने धरू देऊ नका. फायबरग्लासचं कूस डोळ्याला धड दिसत नाही आणि दोन दिवस टोचत राहतं. चिरलेल्या भागावर आधी चिकटपट्टी गुंडाळायची, मग त्यावर धातूची नळी सरकवायची. पोल बहुधा 8 मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यावर जेमतेम बसेल अशी 10-12 सेंटीमीटर लांब नळी, चीर मधोमध ठेवून, दोन्ही टोकांना पट्टीने बांधली की उरलेलं शिबिर निघतं. चार तंबूंमागे अशी एक नळी आणि पट्टीचं एक रीळ प्रथमोपचार पेटीशेजारी ठेवा. चिमटा पेटीत असतोच.

आता खुंट्या. सोबत येतात त्या वीतभर लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक तारेच्या. कुंडीतल्या रोपाला आधार द्यायला ठीक आहेत. मुरमाड माळावर पहिल्याच घावाला त्यांचा आकडा होतो आणि भुसभुशीत शेतात त्या दोरीच्या एका हिसक्याला निघून येतात. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून 8 मिलिमीटरच्या सळईच्या खुंट्या करून घ्या: जमिनीत जायला 30 सेंटीमीटर, वर दोरी अडकायला 5 सेंटीमीटरचा वळसा, खाली टोक. ही सळई मीटरला 395 ग्रॅम भरते, म्हणजे खुंटी साधारण 140 ग्रॅमची. तंबूमागे दहा धरल्या तर 1.4 किलो आणि 12 तंबूंना पावणेसतरा किलो. एसटीने जाणाऱ्या पथकाला हे ओझं जाणवतं, म्हणून सहा लोखंडी कोपऱ्यांना आणि वाऱ्याच्या बाजूला, बाकीच्या मूळच्या, अशी तडजोड चालते. खुंटीचा माथा तंबूपासून लांब कललेला हवा आणि दोरी तिला काटकोनात यायला हवी. मुलं हमखास उलटं करतात, माथा तंबूकडे, कारण ठोकायला ते सोयीचं पडतं. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर खुंटीचा प्रश्नच मिटतो. तिथे दोरीला दगड बांधायचे किंवा रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्या कोपऱ्यांच्या आत ठेवायच्या.

दोरीच्या बाबतीत जुन्या स्काऊट मास्टरांची एक सवय इथे अंगलट येते. कॅनव्हासच्या तंबूला सुती दोऱ्या असत. सुती दोरी दवाने ओली झाली की आखडते आणि खुंट्या उपटते, म्हणून झोपण्यापूर्वी ताण सैल करायचा असा शिरस्ता. नायलॉनचं नेमकं उलटं. ती ओली झाली की सैलावते. संध्याकाळी तंतुवाद्यासारखा ताणलेला फ्लाय पहाटे तीनला लोंबून आतल्या कापडाला चिकटतो. म्हणून इथे झोपण्यापूर्वी दोरी सैल न करता एकदा ताणायची. दोरीवरचे प्लॅस्टिकचे सरकते तुकडे महिनाभर वापरले की घसरायला लागतात. ते काढून टाका आणि त्या जागी रोलिंग हिच ही गाठ शिकवा. प्रथम सोपानात, म्हणजे स्काऊट प्रशिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, क्लोव्ह हिच ही गाठ शिकलेल्या मुलाला आणखी एका वेढ्याचं अंतर.

'तंबू गळतो' ही तक्रार दहापैकी आठ वेळा गळतीची नसते. तीन मुलं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ थंड कापडावर थिजते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. आकाश निरभ्र होतं, तरी आतली भिंत ओली, म्हणजे पाणी मुलांचंच. दाराची झिप वरच्या बाजूने वीतभर उघडी ठेवा, जाळी मात्र बंद. फ्लायच्या झरोक्यातली काडी उभी आहे का ते पाहा. सॅक भिंतीला टेकू देऊ नका. जिथे टेकते तिथे आतलं आणि बाहेरचं कापड चिकटून ओल आत झिरपते. डासांसाठी तंबूत कॉइल लावण्याचा मोह होतो, विशेषतः पालकांना. तिथे ठाम नकार द्या. पॉलिएस्टर जळण्याआधी वितळतं आणि कातडीला चिकटतं. शिवाय एवढ्याशा जागेत रात्रभर तो धूर. मेणबत्ती आणि कंदीलही नाही. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या अंगाला, निदान 15 मीटरवर. कॅनव्हासवर ठिणगी पडली तर काळा डाग पडायचा, इथे आरपार भोक पडतं.

तळाखाली अंथरायची ताडपत्री तंबूपेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान हवी. मोठी असली तर फ्लायवरून उतरलेलं पाणी तिच्यावर साचून थेट तळाखाली जातं आणि मग तळ कितीही जाड असला तरी अंथरूण ओलं होतं. तंबूभोवती चर खणण्याची गरज हिवाळ्यात पडत नाही, आणि शेतमालकालाही ते आवडत नाही.

झिप अडकली की मुलं जोर लावतात. धुळीने अडकलेली झिप जुन्या टूथब्रशने झाडून तिच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासला की चालते. मागचे दात उघडे राहत असतील तर सरकणारा खटका पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबा. किंचितच. जास्त दाबला तर तो मोडतो आणि मग शिंप्याकडे नवी झिप.

कॅनव्हासच्या तुलनेत हा तंबू एका ठिकाणी सपशेल हरतो, ते म्हणजे सकाळची तपासणी. जुन्या तंबूच्या कनाती गुंडाळून वर बांधल्या की वारा आरपार जायचा, अंथरुणं, ताट-वाटी, बूट सगळं एका नजरेत दिसायचं. डोमच्या भिंती वर होत नाहीत. वाकून, डोकं आत घालून बघावं लागतं आणि बारा तंबूंत कमरेचा काटा ढिला होतो. उपाय म्हणून सामान बाहेर ताडपत्रीवर मांडायला लावा आणि बुटांसाठी लाठ्यांचं गॅजेट, म्हणजे लाठ्या दोरीने बांधून केलेली मांडणी, दाराशी. आत कोरडं आणि रिकामं, एवढंच तपासायचं. दुपारच्या उन्हात आत बसणंही अशक्य. पावसाळी मुक्कामाला आणि आठवडाभराच्या मोठ्या मेळाव्याला आम्ही अजूनही कॅनव्हासच म्हणू, वाहून न्यायला टेम्पो असेल तर.

हे तंबू शिबिरात कमी आणि शाळेच्या खोलीत जास्त खराब होतात. डिसेंबरात दव नऊ-साडेनऊपर्यंत हटत नाही आणि गाडी आठची ठरलेली असते. मग ओला तंबू पिशवीत कोंबला जातो आणि सोमवारपासून परीक्षा. पुढच्या शिबिराला पिशवी उघडली की बुरशीचे काळे ठिपके आणि ओल्या मोज्यांचा वास. निघायची वेळ अकराच्या आधी ठेवू नका. फ्लाय आधी काढून दोरीवर टाका, आतला तंबू पोलसकट उलटा करून तळ उन्हाकडे करा. हलका असल्याने दोन मुलं सहज उचलतात. तरी ओला राहिलाच तर दुसऱ्याच दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पसरा. क्रीडा साहित्याच्या खोलीत पिशव्या खिळ्याला टांगा, जमिनीवर ठेवू नका. तंबूत बिस्किटाचा चुरा राहिला असेल तर उंदीर कापड कुरतडतात.

आकडे घाला: पिशवी, फ्लाय, आतला तंबू आणि दोन्ही पोल यांवर एकच क्रमांक, ऑइल पेंटने. एकाच बनावटीचे तंबू असले तरी पोल पाच-दहा सेंटीमीटरने कमी-जास्त निघतात आणि 7 नंबरचा पोल 4 नंबरच्या तंबूत घालण्यात संध्याकाळ जाते.

शेवटची खरेदी: 14 लागत असतील तर 15 मागवा, त्याच बनावटीचे, त्याच वेळी. पुढच्या वर्षी ते मॉडेल बाजारात असेलच असं नाही आणि सुटा पोल वेगळा विकत मिळणं दुरापास्त. पंधरावा तंबू वापरायचा नाही, त्याचे पोल, झिप आणि कापड बाकीच्यांना लागतील तसे काढायचे. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीत, मात्र त्याच्यापुढे 'सुट्या भागांसाठी' असा शेरा त्याच दिवशी मारून मुख्याध्यापकांची सही घ्या. नाहीतर तपासणीच्या वेळी पोल नसलेला तंबू कुठून आला हे सांगत बसावं लागतं.